चालकाचं वजन

कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाची मागची बाजू. चार घड्या, घडीवरची शाई उडालेली. पुढचं कॅम्बर, म्हणजे चाकांचा आत झुकाव, उणे दोन पूर्णांक आठ अंश, दोन्हीकडे.

हिरवी, मासे धरायची दोरी. ताणून टिचकी मारली की गुणगुणणारी.

टायरची आतली कड काचेसारखी गुळगुळीत. बाहेरची जवळजवळ नवी.

“श्वास घेऊ का?”
“घे. पण थोडा थोडा.”

खुब्याचं नवं हाड. डॉक्टर म्हणाले, चालणं होईल, क्लच दाबणं विसरा.

वाळूच्या पिशव्या, दहा-दहा किलोच्या, भिंतीला टेकून बसलेल्या, एखाद्या दवाखान्यात नंबर लावून बसावं तशा.

— या सगळ्यातून एकच उत्तर काढून तिला आता, दुपारी सव्वादोन वाजता, समोरच्या माणसाला द्यायचं होतं. तो हातात पाना घेऊन थांबला होता. गाडी लिफ्टवर, चारही चाकांना यंत्राचे पंजे लावलेले, आणि पडद्यावर आकडे, काही हिरवे, बरेचसे लाल.

“ताई, यंत्र फक्त किती आहे ते सांगतं,” अलाइनमेंटवाला म्हणाला. “किती हवं, ते मालकाने सांगायचं. रस्त्यावर फिरवायची असेल तर चाकं उभी करून देतो, टायर टिकतील. ट्रॅकवर पळवायची असेल तर वरून आत झुकवतो, मग वळणावर पकडेल आणि टायर खाईल. एकाच जोड्यात धावणं आणि मिरवणं होत नाही.”

“ट्रॅकवरच. या रविवारी.”

“कोण चालवणार?”

“मी,” ती म्हणाली, आणि हा शब्द तिला दुसऱ्याच कुणाच्या तरी खिशातून काढल्यासारखा वाटला. एक्कावन्न वर्षांची बाई. पेशाने तराजू तपासणारी. औषधांच्या कारखान्यांत, प्रयोगशाळांत जाऊन तिथले काटे खरं बोलतात की नाही ते बघायचं, शिक्का मारायचा, निघायचं. ट्रॅकवर आयुष्यात एक फेरी मारलेली नाही. फेऱ्या दादाच्या. गाडी दादाची — बुटकी, दोन दारांची, मागची सीट उपटून फेकलेली, स्प्रिंगा बदललेली, एकोणीस वर्षं त्याच्या गॅरेजमध्ये चादर पांघरून पडलेली. गेल्या महिन्यात खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर त्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली. “तू चालव. मी कठड्याशी बसून बघेन. फक्त आकडे माझेच ठेव, पावशेर.” मग उशीखालून हा कागद काढून दिला. दवाखान्यात जाताना माणूस चष्मा नेतो, पुस्तक नेतो. याने हा कागद नेला होता.

म्हणून निवडायचं असं काही नव्हतंच. आकडे दादाचे. तेवढे राहिले की गाडीत दादा राहील, तो कठड्याशी बसला तरी — असं काहीसं ठरवून ती आली होती.

पावशेर. हे नाव अंगणातलं. रविवारची सकाळ, चार लोखंडी स्टँड, गाडीच्या दोन्ही बाजूंना ताणलेली हिरवी दोरी, दोरीपासून चाकाच्या कडेपर्यंत पोलादी पट्टीने मोजायचं, पुढे किती, मागे किती, अर्ध्या मिलिमीटरवरून भांडायचं — आणि मोजताना गाडीत कुणीतरी बसलेलं हवं, कारण माणूस बसला की गाडी त्या बाजूला दबते, चाकं थोडी आणखी झुकतात, रिकाम्या गाडीची मापं खोटी. म्हणून मी बसायची, चालकाच्या सीटवर, मांडीवर कॉलेजचं पुस्तक, न हलता, आणि दादा गाडीखाली, फक्त त्याचे बूट बाहेर, आणि ते बूट माझ्याशी बोलायचे — हललीस, पावशेर — नाही हलले — मग पान उलटलंस — पानाचं काय वजन असतं का? — तुझ्या पुस्तकांचं असतं, वाचून झोप येते एवढी जड असतात… आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई, “जगाची चाकं सरळ करतोय, आणि स्वतःच्या चपला बघा, एक अंगणात, एक न्हाणीघरात! तिला कशाला कोंडून ठेवलंयस रे त्या डब्यात?” मला कोंडल्यासारखं कधीच वाटलं नाही. त्या सीटवर मला जेवढं निवांत वाटायचं तेवढं नंतर कुठेच…

“ताई?”

“हं.”

“कागदावर लिहिलंय, चालकासह मोजलेले. म्हणजे वजन टाकून बघायला हवं. तुमच्या दादांचं वजन किती होतं तेव्हा?”

“ब्याऐंशी. कधीकधी पंच्याऐंशी.”

त्याने आठ पिशव्या सीटवर रचल्या, गाडी दोनदा हलवून स्थिर केली आणि पडद्याकडे पाहिलं. चालकाच्या बाजूचं चाक उणे तीन. दुसऱ्या बाजूचं उणे दोन पूर्णांक आठ. त्याने भुवई खाजवली. एक पिशवी काढली. दुसरी काढली. तिसरी. पाच उरल्या तेव्हा दोन्ही आकडे शेजारी शेजारी सारखे झाले, जुळ्यांसारखे, आणि हिरवे.

“ही गाडी पन्नास किलोच्या माणसासाठी लावलीय,” तो म्हणाला. “बोल्टवरच्या जुन्या खुणाही तिथेच आहेत, कुणी हलवलेलं नाही. दादा पन्नास किलोचे होते?”

“दादाचा एक पाय पन्नास किलोचा होता,” ती म्हणाली. तो हसला. तीही हसली, आणि हसता हसता मध्येच थांबली.

अठ्ठेचाळीस. दर रविवारी तेवढीच. तेरा वर्षं मी त्या सीटवर बसले, लग्नानंतरही माहेरी येऊन बसले, आणि तेरा वर्षं गाडी माझ्या वजनाला लावली गेली, आणि चालवली दादाने. हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात — तराजूंवर शिक्के मारत हिंडणाऱ्या बाईच्या ध्यानात आलं नाही. लोकांचे काटे दशांश ग्रॅमने चुकले तर मी नोटीस देते.

“मग त्यांना ती डावीकडे ओढायची का?” अलाइनमेंटवाल्याने विचारलं. “जड माणूस बसला की हिने तसंच करायला हवं. थोडंसंच.”

ती डावीकडे बघते, असं दादा म्हणायचा. लाडाने. तिची खोड आहे ती. शेवटच्या शर्यतीतही, लांब सरळ पट्ट्याच्या टोकाला, ब्रेक दाबल्यावर ती डावीकडे गेली, चाक गवतावर चढलं, गाडी दोनदा गोल फिरून थांबली, धूळ खाली बसली. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. हेल्मेट काढून तो म्हणाला, “माझा हातच डावा पडायला लागलाय.” त्या संध्याकाळी त्याने चादर घातली. मी चादरीचं दुसरं टोक धरलं होतं. मीच म्हणाले होते, जाऊ दे दादा, वय होतं प्रत्येकाचं. छत्तीस वर्षांच्या माणसाला.

“एवढ्याने गाडी फिरते का हो?” तिने विचारलं. आवाज कोरडा ठेवायचा प्रयत्न केला.

“छे. गाडी फिरते ती ब्रेक उशिरा दाबल्याने.” त्याने फडक्याला हात पुसले. “पण शंभर वेळा डावीकडे ओढली की माणूस गाडीवर नाही, स्वतःच्या हातावर संशय घ्यायला लागतो. तसं मी पाहिलंय.”

ती बाहेर सावलीत गेली. फोन लावला. दोन रिंगांत उचलला, म्हणजे वाटच बघत होता.

“काय म्हणतेय आपली?”

“डावीकडे बघतेय.”

“खोडच ती तिची,” दादा म्हणाला, सुखाने, जणू जुन्या मैत्रिणीची खुशाली कळली.

सांगावं. आत्ताच. तुझा हात चांगला होता. एकोणीस वर्षं चांगला होता. पण मग एकोणीस वर्षांचं काय करायचं, ती कुठे ठेवायची…

“दादा, तू मला का बसवायचास रे? अंगणात सिमेंटची पोती पडली होती की. पाहिजे तेवढं वजन रचता आलं असतं.”

पलीकडे कॉट करकरली. मग खोकला.

“पोती बोलतात का?” तो म्हणाला. “अख्खा रविवार गाडीखाली काढायचा म्हणजे वर कुणीतरी बडबडणारं नको?” आणि मग, हळू, “आकडे माझेच ठेवतेयस ना?”

“हो,” ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तो ‘हो’ तिने पुन्हा मनात म्हणून पाहिला, काटा तपासताना तेच वजन दुसऱ्यांदा ठेवून बघतात तसा. जमेना. कागदावरचे आकडे ठेवायचे आणि आजच्या माझ्या त्रेसष्ट किलोंवर ते जुळवायचे, तर बोल्ट सैल करावे लागणार, जुन्या खुणा मोडणार. खुणा तशाच ठेवायच्या तर रविवारी ती थोडी डावीकडे ओढणार, त्याच्या हाताला ओढायची तशी, आणि ते मला माझ्या मनगटात कळणार. दोन्हीला दादाचे आकडे म्हणता येतं. त्याला माहीत होतं का? चालकासह, असं त्याने आपल्या हाताने लिहिलं, तेव्हा खिडकीतून आत बसलेल्या मुलीकडे पाहून लिहिलं, की सवयीने…

ती आत आली तेव्हा अलाइनमेंटवाल्याने पिशव्या खाली उतरवल्या होत्या. सीट रिकामी होती. “बसा आता तुम्हीच,” तो म्हणाला. “वाळूचा अंदाज कशाला? मग सांगा, बोल्ट तसेच सोडू की फिरवू.”

ती वाकली, आत सरकली, पाठ टेकली. दोन्ही हात मांडीवर ठेवायचे ही जुनी सवय. मांडीवर आता पुस्तक नव्हतं. गाडी तिच्या बाजूने थोडी बसली. पडद्यावरचे आकडे तिला इथून दिसत नव्हते, आणि इतकी वर्षं बोल्ट कधी फिरतो याची आपण फक्त वाट पाहत बसायचो हे तिला आत्ता, एखाद्या खोलीत दिवा लागावा तसं दिसलं — ना दुःख, ना आनंद, नुसती खोली केवढी आहे ते. हात मांडीवरून उचलून तिने स्टिअरिंगवर ठेवले.

“बोला ताई.”

“थांबा जरा,” मी म्हणाले.

गाडी विकत घेतली त्या दिवशी दादा लायसन्सच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झालेला होता; ती घरापर्यंत मी चालवत आणली.