गप्प राहणाऱ्यांना वीस टक्के

ललित सावेला या सौद्यातून बावीस बोटी परत मिळायच्या होत्या. पालघरहून सातपाटीला जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं दोर, जाळी, बोये आणि बोटींच्या रंगाचं दुकान. त्र्याऐंशी बोटींचं गिऱ्हाईक होतं. बोईसरला नवं दुकान निघालं आणि बावीस बोटी तिकडे वळल्या. उरलेल्या एकसष्ट टिकल्या त्या सातपाटीचे जुने बोटमालक धर्माजी तांडेल यांच्यामुळे, हे ललित ओळखून होता. धर्माजी ज्या दुकानातून दोर नेतात तो दोर चांगला, अशी बंदरावरची समजूत. म्हणजे धर्माजी आहेत तोवर दुकान आहे.

एप्रिलमध्ये मुंबईहून किंजल मॅडम आल्या. "ईमेल मार्केटिंग, सर. ऑटोमेशन! तुम्ही झोपा, पत्रं आपोआप जातील." ललितने वर्षाचे पैसे आगाऊ मोजले. परवान्याच्या नि डिझेलच्या फॉर्मांमुळे प्रत्येक बोटीला ईमेल होताच, घरातल्या मुला-सुनांच्या फोनवर. ललितने एकेका पत्त्यामागे एक टोपी फुकट वाटून सगळे त्र्याऐंशी पत्ते जमवले, सुटलेल्या बावीस जणांचेसुद्धा.

"गिऱ्हाईक तुटलं असं किती दिवसांनी धरायचं, सर? बाकीचे तीस धरतात."

"धरा की तीस," ललित म्हणाला.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि जुलै सरत येईपर्यंत कोणी दोराचा तुकडाही विकत घेत नाही, हे किंजल मॅडमना अंधेरीत बसून कुठून कळावं? ललितला मात्र बंदीच्या तारखा पोटच्या पोरांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ होत्या. पण समोरच्या स्क्रीनवर हिरव्या रेघा वर चढत होत्या, आणि त्या रेघांत समुद्र कुठेच नव्हता.

एक जुलैला, तीस दिवस न फिरकलेल्या सगळ्यांना पहिलं पत्र सुटलं: तुमची आठवण येते. दोन बोटींची मालकीण जमुना सकाळीच दुकानात हजर.

"शेट, माजी आठवन येते म्हनं तुमाला?"

"ते... कंपनीनं लिहिलंय, जमुनाबाय."

"बायकोला ठाव हाय का कंपनीचं?"

दुकानातले सगळे हसले. ललितही हसला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पंधरा जुलैला दुसरं पत्र गेलं: परत या, दहा टक्के सूट. तेव्हा मात्र त्याने घाबरून फोन लावला.

"मॅडम, थांबवा हे! ही माणसं कुठे गेलेली नाहीत. बंदी आहे."

"सर, ऐंशी टक्के लोक पत्र उघडतायत! असा रिझल्ट मी अंधेरीतही बघितला नाही."

"थांबवा म्हणतो ना."

"रिक्वेस्ट टाकते, सर. टीमला पंधरा दिवस लागतात."

तीस जुलैला वीस टक्क्यांचं पत्र गेलं. खाली ललितची स्वतःची सही होती, कागदावर करून मशीनला दिलेली. जे दहा टक्क्यांवर येणार होते तेही थांबून राहिले होते. गप्प बसलं की सूट वाढते, हे दुसऱ्या पत्रानंतर दोन दिवसांत बंदरावर पसरलं होतं. पुढच्या तीन दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. नाही म्हणायची सोय नव्हती. इथले व्यवहार तोंडावर चालतात, पण एकदा लेखी दिलं की माणूस मागे फिरत नाही. जमुनाने फोन नाकासमोर धरला. "सही तुमचीच ना? मंग काडा दोर."

गर्दी ओसरल्यावर धर्माजी आले. बंदीतही ते दर गुरुवारी यायचे. ओटीवर बसून जाळी स्वतः विणायचे, म्हणून दोर, सुतळी सतत लागायची. मशीनच्या लेखी ते कधी तुटलेच नव्हते.

"सगल्यांना पत्र आलं. मलापन आलं," ते म्हणाले. "सून म्हनली, तुमाला तारा दिलाय. सोन्याचा. सूट कायच नाय."

"काका, तुम्हाला पंचवीस टक्के देतो. तीस घ्या."

"पत्रात हाय?"

"मशीन आहे हो ते. तुम्ही दर आठवड्याला येता, म्हणून त्याला वाटलं की..."

"बराबर वाटलं. जो जातच नाय त्याला कशाला द्यायचं?"

"तसं नाही काका."

"मंग कसं हाय?"

धर्माजींनी छापील भावाने नोटा मोजून काउंटरवर ठेवल्या, पंख्याने उडू नयेत म्हणून वर जाळ्याचं शिसं ठेवलं. ललितने काही नोटा परत सरकवल्या. त्या त्यांनी पुन्हा शिशाखाली घातल्या.

"किती दिवसांनी येती ती आठवन?"

"तीस," ललितच्या तोंडून निघून गेलं.

पुढच्या गुरुवारी धर्माजी आले नाहीत. ललित सातपाटीला त्यांच्या घरी गेला. चहा मिळाला, माशांच्या गोष्टी झाल्या, दोराचा विषय त्यांनी निघूच दिला नाही. रिक्वेस्ट अजून टीमकडेच होती. सप्टेंबरच्या सुरुवातीला मशीनने आपोआप लिहिलं: प्रिय धर्माजी, तुमची आठवण येते. स्क्रीनवर ते पत्र न उघडलेलं दिसत राहिलं. मग दहा टक्क्यांचं, मग वीसचं. तीही तशीच.

दिवाळीआधी ललितने वही मांडली. सुटलेल्या बावीसपैकी एकोणीस बोटी एकदा येऊन वीस टक्के सवलतीने दोर घेऊन गेल्या होत्या. घरच्या साठांनीही तेच केलं होतं, आणि त्यातल्या एकेचाळीस आता धर्माजींच्या मागोमाग बोईसरला जात होत्या. उरलेल्या पुढच्या वीस टक्क्यांची वाट बघत गप्प बसल्या होत्या. सबंध हंगामात पूर्ण भाव एकट्या धर्माजींनी दिला होता.