रंग ओला असतानाच

मी एक जुने स्पिटफायर जातीचे लढाऊ विमान आहे. मित्रांनो, आज मी संग्रहालयात दोरीच्या आड मुकाट उभे असते. पण माझा पहिला दिवस आठवला, की अजूनही माझ्या पंख्याला गरगर फिरावेसे वाटते!

ते १९४० साल होते. इंग्लंडच्या आकाशात जर्मन विमानांशी रोज लढाई चाले आणि रोज विमाने पडत. त्यामुळे कारखान्यात कुणाला उसंत नव्हती, चहासुद्धा उभ्या उभ्या. हिल्डाबाईंनी माझ्या पंखात शेवटचा रिव्हेटचा खिळा ठोकला न ठोकला, तोच मला न्यायला वैमानिक कॉरबेट हजर! पन्नाशी उलटलेली, डोळ्यांवर जाड चष्मा. लढायला म्हातारे म्हणून हवाई दलाने त्यांना नाकारले होते. मग नवी विमाने तळावर पोचवण्याचे काम त्यांनी हौसेने पत्करले. वाटेत एका ठिकाणी मला बंदुका बसवल्या, आणि निघालो लगेच पुढे.

पण ढग खाली उतरले आणि दिशाच कळेना. कॉरबेट रेल्वेचे रूळ धरून मला इतक्या खालून नेऊ लागले, की कुरणातल्या गाई बिथरून पळाल्या. मी जीव मुठीत धरून उडत होते. तिकडे तळावर सार्जंट लेन पिकरिंग माझी वाट पाहत होता. सकाळच्या लढाईत त्याचे विमान जळाले होते. संध्याकाळी त्याचे सोबती पुन्हा वर जाणार होते. मी पोचले नाही, तर त्यांना त्याच्याशिवाय जावे लागणार होते.

मी पोचले! मेकॅनिक ॲल्फने भराभर पेट्रोल भरले, गोळ्या भरल्या आणि तो ब्रश घेऊन माझ्या अंगावर तुकडीची अक्षरे रंगवू लागला. डावी बाजू झाली आणि धोक्याचा भोंगा वाजला. लेन धावत आला आणि आत चढला.

“अरे बाबा, थांब. उजवी बाजू कोरी आहे अजून,” ॲल्फ म्हणाला. “आपलीच पोरं ओळखायची नाहीत तुला.”

“मग मी त्यांना डावीकडूनच दिसेन. हो बाजूला.”

काय ती भरारी, मित्रांनो! लेनच्या एका सोबत्याच्या मागे शत्रू लागला होता. लेनने मला गर्रकन वळवले, माझ्या बंदुका कडाडल्या आणि शत्रूने काढता पाय घेतला. त्या संध्याकाळी सगळे परत आले. ओला रंग वाऱ्याने पार शेपटीपर्यंत ओघळला होता. ॲल्फने हसत हसत पुन्हा ब्रश उचलला.

“राहू दे,” लेन म्हणाला. “कोरी बाजू घेऊन परत आलोय. आता तिला हात लावायचा नाही.”

वैमानिक अशा शकुनाच्या गोष्टी फार मानत. त्यांच्या साहेबांनीही मग त्या बाजूला पाहायचे टाळले.

युद्ध संपले आणि मला सगळे विसरले. कितीतरी वर्षे मी गळक्या छपराखाली गंजत पडले, माझ्या बंदुकांपाशी चिमण्यांनी घरटी केली. आता इथे लोक माझी मायेने निगा राखतात. पण उजवी बाजू कोरी दिसली, की त्यांचा हात रंगाच्या डब्याकडे जातो. मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला तेलपाणी करा. ती बाजू तेवढी तशीच राहू द्या. त्या संध्याकाळी लेन परत आला होता.