लिफ्टवाले काका जिन्याने निघाले

लिफ्टवाले काका जिन्याने चढताना दिसले आणि बारा मजली इमारतीत घबराट पसरली.

"काका, लिफ्ट बिघडली की काय?" तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी दार उघडून विचारलं.

"छे हो, लोण्यासारखी चाललीय."

"मग तुम्ही असे?"

"मला… डोंगरावर… जायचंय," काका कठड्याला धरून म्हणाले, आणि पुढच्या पायरीला लागले.

बाईंचा विश्वास बसला नाही. तीस वर्षं जो माणूस ही लिफ्ट सांभाळतोय, तोच पायी चाललाय म्हटल्यावर नक्की काहीतरी दडवतोय! दुसऱ्या दिवसापासून अर्धी इमारत जिन्याने ये-जा करू लागली. पाचव्या मजल्यावरचे वजनदार वकील तर काकांच्या नावाने बोटं मोडत उतरायचे.

काका मात्र खरंच बोलले होते. त्यांना आणि काकूंना दूर उत्तरेतल्या एका उंच, पवित्र पर्वताला प्रदक्षिणा घालायची होती, त्याच्या पायथ्याशी असलेल्या निळ्या तळ्यात पाय बुडवायचे होते. यात्रा नेणाऱ्या ताई आधी परिचारिका होत्या आणि त्या वाटेवर सातदा जाऊन आल्या होत्या. त्यांचा नियम सरळ होता. सहा किलोची पिशवी पाठीला लावून बारा मजले दोनदा चढायचे, मग रक्तातला प्राणवायू मोजणारं चिमट्यासारखं यंत्र बोटाला लावायचं. आकडा नव्वदच्या खाली आला तर नाव कटाप. काकूंचा पंच्याण्णव आला. काकांचा शहाऐंशी.

"येत्या रविवारी एकदा बघू," ताई म्हणाल्या. "पण काका, शेवटचं हं. तिथे वर हवाच अर्धी असते. तिला माझा वशिला चालत नाही."

"ताई, एवढं विचारू? त्या तळ्याला आवाज असतो का?"

"तुम्ही येऊन ऐका."

"आणि इतकं पाणी इतक्या उंचावर चढवलं कुणी? आमच्या टाकीला दोन पंप लागतात!"

ताई हसल्या. काकूंनी हसू दाबलं. घरी आल्यावर पिशवीत वजनासाठी भरलेली लिफ्टची जुनी बेअरिंगं टॉवेलात नीट गुंडाळत त्या म्हणाल्या, "हे बघा, मी तर जाणार. तुमचं नाही जमलं तर तळ्याला तुमचा नमस्कार सांगीन."

"आणि आवाज?"

"तो काही मला सांगता येणार नाही. शिलाई मशीनच्या खडखडाटाने माझा कान घासलाय."

काकू शिवणकाम करायच्या. काकांना तिथेच काटा रुतला. जिचं बोट धरून जायचं ठरवलं होतं, ती एकटी जाणार, आणि तो आवाज कुणी ऐकणारच नाही.

सोमवारी ते पुन्हा जिन्याला भिडले. मंगळवारी, बुधवारी. प्रत्येक मजल्यावर पोचले की भात्यासारखी छाती हलायची. पाय दुखत नव्हते, गुडघे कुरकुरत नव्हते, मग दम जातो कुठे? काकांनाच त्याचं नवल वाटे. बिघडलेल्या यंत्राकडे बघावं तसं ते स्वतःकडे बघू लागले. बूट बदलून पाहिले, वेग कमी केला, न्याहारी अर्धी केली. बिघाड काही सापडेना.

गुरुवारी काकू त्यांच्या मागोमाग चढल्या. तिसऱ्या मजल्याच्या वर त्यांनी एकदम काकांचा सदरा ओढला.

"अहो, तुम्ही श्वासच घेत नाही!"

"काहीतरीच काय."

"मजला सुटला की बंद, मजला आला की सुरू. मी मागून बघतेय ना, पाठ हलतच नाही."

काका पायरीवर मटकन बसले. आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लिफ्टचं दुखणं डोळ्यांना दिसत नाही, ते कानाला कळतं. केबिनच्या छपरावर बसून वर जाताना तीस वर्षं त्यांनी श्वास धरून दोराचा, चाकांचा आवाज ऐकला होता. आपल्या श्वासाची खसखसही मध्ये यायला नको! मजला आला, केबिन थांबली, की हुश्श करायचं. वर जाणं म्हणजे श्वास धरणं, असं शरीराने मनाशी घट्ट बांधून ठेवलं होतं.

"आता ही गाठ सोडवायची कशी?"

काकूंनी क्षणभर विचार केला. शिवताना त्यांच्या ओठांवर ओव्या येत, पायाच्या तालावर जुळत जात. त्यांनी तिथल्या तिथे एक जुळवली:

*चढू पायरी पायरी, सखे घाई गं कशाला,*
*निळं पाणी उंचावरी, कुणी नेलं त्या देशाला?*

"गात गात चढा. गाणाऱ्याला श्वास धरता येत नाही."

"पण मी 'सखे' म्हणू? वकील ऐकतील!"

"ऐकू देत. त्यांनाही चढताना उपयोग होईल."

रविवारी ताई घड्याळ आणि तो चिमटा घेऊन गच्चीच्या दारात उभ्या राहिल्या. काका भसाड्या आवाजात 'सखे' म्हणत निघाले. शिक्षिकाबाईंनी दार उघडलं, वकिलांनी नुसतंच फटीतून पाहिलं. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीत सातव्या मजल्याशी लिफ्ट शेजारून वर गेली, आणि भिंतीमागे काहीतरी बारीक खरवडलं.

काकांचे कान टवकारले. पाय अडखळला. ओठ मिटले. तीस वर्षांची सवय छातीवर येऊन बसली: थांब, ऐक. एक पायरी, दोन पायऱ्या… मग त्यांनी डोळे मिटून, सगळा जिना दणाणेल अशा आवाजात तान घेतली, "निळं पाणी उंचावरीऽऽ!" खरवड त्या आवाजाखाली बुडून गेली.

वर पोचल्यावर ताईंनी बोटाला चिमटा लावला. काकू यंत्राकडे बघेनात, काकांच्या छातीकडेच बघत राहिल्या. ती सावकाश वरखाली होत होती.

"एक्क्याण्णव," ताई म्हणाल्या. "उबदार मोजे घ्या. दोन जोड."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. काका मात्र पिशवी तिथेच टाकून खाली निघालेसुद्धा. काकू मागे धावल्या. सातव्या मजल्यावर काका भिंतीला कान लावून पुतळ्यासारखे उभे होते.

"श्वास!" काकू ओरडल्या.

काकांनी हुश्श केलं आणि हसले. "केबिन रुळावर धरणाऱ्या सरकपट्टीचं रबर झिजलंय. उद्या बदलतो. पाहिलंस, इमारतीचं भय अगदीच फुकट नव्हतं."

दोघं सावकाश पायऱ्या उतरू लागले.

"एक ऐकशील?" काका म्हणाले. "तळ्याकाठी एकदा, एकदाच, मला श्वास धरून ऐकू दे."

"बसून," काकू म्हणाल्या. "आणि चिमटा तुमच्या बोटाला. आकडा मी बघणार."