दोन मेणबत्त्यांच्या मधलं पितळ

मित्रांनो, मी एक म्हातारा मेटल डिटेक्टर आहे आणि मी भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला शूर समजायला नको.

दिसायला साधाच. खाली ताटलीएवढी तबकडी, तिच्यात तांब्याच्या तारेचं वेटोळं. वर दांडा, दांड्यावर डबा, डब्यात बॅटरी. जमिनीखाली धातू आला की मी पीं करतो. एवढंच येतं मला. बटण असलं तरी पीं, खिळा असला तरी पीं. आणि नको ते असलं तरी तसंच पीं.

अठ्ठ्याऐंशी साली जर्मनीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मला जोडलं. पहिले मालक लोरेन्झ आजोबा, रेल्वेतून रिटायर झालेले. बर्लिनच्या दक्षिणेला शेतं आहेत, तिथे दोनेकशे वर्षांपूर्वी मोठी लढाई झाली होती. नांगर फिरला की सैनिकांच्या कोटांची बटणं वर येतात. आम्ही ती शोधायचो. पण त्याच मातीत नंतरच्या युद्धांचा दारूगोळाही पडलाय, आणि त्यातला बराच अजून जिवंत आहे.

एकदा आजोबांच्या मित्राने मातीतून पितळेचा एक शंकू उचलला आणि माती झाडायला दगडावर आपटला. तो फ्यूज होता. फ्यूज म्हणजे तोफगोळ्याच्या नाकावरचं टोक, जे गोळा फोडतं. मित्राची तीन बोटं गेली. ती जागा मीच दाखवली होती.

आजोबांनी मला पुसलं, बॅटरी काढली आणि बिल्डिंगखालच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, ठेवलं. सात वर्षं मी तिथे होतो, कोळशाच्या रिकाम्या पोत्यांशेजारी. खरं सांगू? बरं वाटायचं. कुणी काही विचारत नव्हतं.

दोन हजार पाचमध्ये आजोबा गेले आणि त्यांच्या मुलीने मला रविवारच्या जुन्या बाजारात मांडलं. तिथे उज्ज्वल आला. मूळचा नागपूरचा, बर्लिनमध्ये एका इन्स्टिट्यूटमध्ये सेन्सरवर रिसर्च करायचा. त्याने मला उलटं केलं, डबा उघडला आणि बायकोला म्हणाला, "रोहिणी, बघ ना, वायरिंग हाताने केलंय."

"गेनाऊ, अगदी बरोबर," रोहिणी म्हणाली. "घरात एवढंच कमी होतं."

त्याने माझी सुटलेली तार डाग देऊन जोडली, दांडा घासला, तबकडीला नवं कव्हर घातलं. कुणी मला इतकं जपलं नव्हतं. त्याचे आजोबा पलटणीत होते. त्यांच्या कोटाची एक पितळी गुंडी सोडली तर घरात त्यांचं काही उरलं नव्हतं. म्हणून त्याला बटणांचं वेड. एकेक बटण सापडलं की तळहातावर धरून बसायचा. कुणाचं असेल, घरी गेला असेल का तो, असं स्वतःशीच बोलायचा. मग काडेपेटीत कापूस घालून ठेवायचा. एकोणीस काडेपेट्या झाल्या होत्या.

शेतात फिरायला शेतकऱ्याला त्याने विचारलं होतं. पण इथे सरकारी परवानाही लागतो. तो फॉर्म त्याने आणला होता, फ्रिजवर चुंबकाने लावला होता. भरला नव्हता.

मग दोन हजार सहाचा मे आला. एका संध्याकाळी शेताच्या कडेला मी पीं केलं. उज्ज्वलने वीतभर खणलं. मातीचा गोळा निघाला, मुठीएवढा, जड. एका बाजूने हिरवट पितळ दिसत होतं.

मला कळलं. मी तसलं एक आधी पाहिलं होतं. मी परत पीं केलं. तो खूश झाला.

घरी येऊन त्याने गोळा बाल्कनीत बादलीत टाकला. नंतर बघू म्हणाला आणि विसरला. मला हॉलच्या कोपऱ्यात चपलांच्या मागे उभं केलं; तिथून स्वयंपाकघर दिसायचं. त्याची आई, गयाबाई, तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. बादलीत काय आहे ते त्याने त्यांना सांगितलं नाही. रोहिणीलाही नाही. घरात वस्तू आणायची आणि बोलायचं नाही, ही त्याची सवय.

शनिवारी बुद्ध पौर्णिमा होती. अकरा वाजता बारा माणसं यायची होती, त्यात चार लेकरं. रोहिणी खीर ढवळत होती, उज्ज्वल अंघोळीला गेला होता. गयाबाई बाल्कनीत गेल्या, गोळा घेऊन आल्या. नळाखाली धरला, चिंच-मीठ लावलं आणि घासायला बसल्या. चाळीस वर्षं पितळ घासलेले हात होते ते. कडेचा चिखल निघत नव्हता, तर चमच्याच्या दांड्याने खरवडला. दर खरवडीला माझ्या तारा आखडत होत्या. माझी बॅटरी काढलेली होती. असती तरी काय म्हणालो असतो? पीं.

"पाह्य वं रोहिणी," त्या म्हणाल्या, "कसं लखलख करून राह्यलं. अगदी स्तूपासारखं."

खरंच तसं दिसत होतं. खाली रुंद, मग गोल कडी, वर निमुळतं टोक. रोहिणीने खीर ढवळता ढवळता मान वळवली. "छान आहे आई. ठेवा ना तिथे."

गयाबाईंनी पांढरी साडी नीट केली. हॉलमध्ये बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे पांढरं कापड अंथरलं होतं. मधोमध त्यांनी तो फ्यूज ठेवला. दोन्ही बाजूंना मेणबत्त्या, अगदी चिकटून, उजेड पितळावर पडावा म्हणून. पेटवल्या आणि हात जोडून समोर बसल्या.

मित्रांनो, मी चार हातांवर होतो. एक ज्योत खिडकीच्या वाऱ्याने सारखी पितळावर वाकत होती. त्या बाजूला पितळ आधी निळसर झालं, मग काळपट. मी कधी कुठल्या देवाला काही मागितलं नाही. त्या दिवशी मागितलं.

उज्ज्वल डोकं पुसत बाहेर आला. त्याची नजर कडीवर गेली. कडीवर गोल फिरत आकडे कोरलेले होते, घड्याळासारखे, मध्ये बारीक रेघा. बटणावर पलटणीचा एकच आकडा असतो; असे आकडे गोळा कधी फुटावा ते लावायला असतात. हातातला टॉवेल खाली पडला.

"आई," तो म्हणाला, अगदी हळू. "हात लावू नकोस. तशीच मागे सरक."

"काहून रे? पाया तं पडू दे."

"नंतर पड. आधी सरक."

त्याने वाकून मेणबत्त्या विझवल्या. फुंकर मारली नाही, बोटांनी वाती दाबल्या. बोटं भाजली, त्याच्या लक्षातही आलं नाही. रोहिणी दारात आली. "काय झालं?"

"तो फ्यूज आहे. बॉम्बचा."

रोहिणीने आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, "पोलिसांना फोन लाव."

"परवाना नाहीये माझ्याकडे. मंगळवारी व्हिसाची अपॉइंटमेंट आहे. उद्या माझ्या फाइलमध्ये पोलीस केस लागली तर कोण देणार मला व्हिसा?" त्याने सॅक उचलली होती. "मी टॉवेलमध्ये गुंडाळतो. कॅनॉल तीन स्टेशनांवर आहे. टाकून येतो."

"उ-बानमध्ये? मेट्रोत?" रोहिणी म्हणाली. "माणसांनी भरलेल्या डब्यात?"

"मग काय करू? सामान बांधून नागपूरला जाऊ?"

त्याची भाजलेली बोटं लाल झाली होती, आणि त्याच बोटांनी तो ते उचलणार होता. मला लोरेन्झ आजोबांचा मित्र दिसत होता.

गयाबाई उठल्या. त्या घाबरल्या होत्या, पदराचं टोक तोंडात धरलं होतं. पण दार आणि उज्ज्वल यांच्यामध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"मले एक सांग बाबू. हे तू आणलं?"

"हो."

"तुले माहीत होतं काय आहे ते?"

"नाही. बघितलंच नाही नीट."

"मले सांगितलं असतं की माहीत नाही, तं मी हात लावला असता काय? म्या दिवा लावला त्याच्यापुढं." त्यांनी मेणबत्त्यांकडे बोट केलं. "आता अकरा वाजता सगळ्यांसोबत पंचशील म्हणशील तू. खोटं बोलणार नाही म्हणशील. मंग लपवून कायले चालला?"

"लपवणं म्हणजे खोटं नाही, आई."

"तं मंग जा. मी इथंच बसतो याच्याजवळ, तू परत येईपर्यंत."

"ते माझ्यासोबत येणार ना, आई."

"मंग मी बी येतो. तुया सॅकले धरून."

त्याने सॅक खाली ठेवली. फोन उचलला, पोलिसांचा एकशे दहा नंबर फिरवला. आपलं नाव स्पष्ट सांगितलं, आडनावाचं स्पेलिंग सांगितलं. परवाना नाही, हेही न विचारता सांगितलं.

वीस मिनिटांत सगळी बिल्डिंग रिकामी झाली. शेजारी स्लिपरवर रस्त्यावर, कुणाच्या हातात मांजर, कुणाच्या हातात कॉफीचा मग. पांढरे कपडे घालून आलेले पाहुणे पोलिसांच्या पट्टीपलीकडे डबे धरून उभे होते. घरात मी आणि तो फ्यूज, दोघंच. खोली इतकी शांत की वितळलेलं मेण थंड होताना ऐकू येत होतं.

मग एक माणूस आला, जाड जॅकेट घातलेला. गुडघ्यावर बसून खूप वेळ बघत राहिला. वाळूच्या पेटीत त्याने ते असं ठेवलं, जसं झोपलेलं बाळ ठेवतात. नंतर पोलिसांच्या बोलण्यात ऐकलं, खाली जाऊन त्याने उज्ज्वलला सांगितलं की आत दारू अजून आहे, आणि विचारलं, मेणबत्ती किती वेळ जळली. उज्ज्वल म्हणाला, पंधरा मिनिटं. त्या माणसाने हातमोजे काढले आणि पेटीचं झाकण परत एकदा तपासलं.

पोलिसांनी काडेपेट्या नेल्या, मलाही नेलं. मला नंबर लावला आणि एका रॅकवर ठेवलं.

ऑक्टोबरमध्ये उज्ज्वल केसच्या कागदांवर सही करायला आला. वाळलेला वाटला. ऑफिसरने विचारलं, व्हिसाचं काय झालं? उज्ज्वल म्हणाला, पाच महिने लटकवलं, दर महिन्याला बोलावलं, दर वेळी सगळं परत सांगितलं. मागच्या आठवड्यात मिळाला, एका वर्षाचा. लेखी ताकीद फाइलमध्ये राहणार.

"परवाना काढलात तर मशीन परत मिळेल," ऑफिसर म्हणाला.

उज्ज्वलने मला हातात घेतलं. त्याने डाग दिलेल्या तारेवरून अंगठा फिरवला. मग खाली ठेवलं. "नको. याची चूक नाही काही. पण मला आता तो आवाज ऐकवणार नाही." जाता जाता तो जरा हसला. "आई दर रविवारी फोनवर विचारते, घरात नवीन काय आणलं. मी सगळं सांगतो. दुधाची पिशवीसुद्धा."

आता मला लिलावात काढणार आहेत. कुणीतरी घेईल, बॅटरी घालेल, शेतात नेईल. मित्रांनो, तो तुमच्यापैकी कुणी असला तर माझं ऐका. परवाना आधी काढा. मी पीं केलं की हात सावकाश चालवा. ओळखू आलं नाही, तर तिथेच राहू द्या, लांब जा आणि फोन करा. आणि काहीही घरी आणलं, तर घरात जो कुणी आहे त्याला लगेच सांगा, काय आहे, कुठून आणलं, आणि तुम्हाला त्यातलं काय माहीत नाही. मला ते सांगता येत नाही. तुम्हाला येतं.