झाकणातली लांबी

घरातून निघाली की तीन किलोमीटरवर मोटरसायकल आचके द्यायची आणि बंद पडायची. अर्धा तास उभी केली की पुन्हा सुरू. घरोघर जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करणाऱ्या परिचारिकेला हे परवडणारं नव्हतं. तिचा संशय ठरलेला होता: धाकटा दीर. भाऊ वारल्यावर त्याची ही गाडी आपल्याकडेच येणार, असं तो धरून चालला होता; तिने स्वतःच चालवायला शिकून त्याच्या तोंडचा घास काढून घेतला. हल्ली तर ती दिसली की दीर आणि जाऊ बोलता बोलता गप्प व्हायचे.

“टाकीत साखर टाकली असेल,” ती मेकॅनिकला म्हणाली. “नाहीतर पाणी.”

त्याने कार्बोरेटर खोलला, खालच्या वाटीतलं पेट्रोल बाटलीत घेऊन उजेडात धरलं. “पाणी असतं तर तळाशी बसलं असतं. कचराही नाही.” पेट्रोल सोडणारा बारीक जेट फुंकून पाहिला. मोकळा.

“म्हणजे मी खोटं बोलतेय?”

“तसं नाही, ताई. बंद पडेपर्यंत फिरवून बघू.”

बंद पडली तिथेच त्याने टाकीचं झाकण उघडलं. फुस्स! हवा आत ओढली गेली. झाकण सैल ठेवून किक मारली, गाडी सुरू.

“पेट्रोल उतरायला वरून हवा लागते. झाकणाचं भोक बुजलंय.” त्याने नखाने खरवडलं. “आपोआप नाही. लांबी भरलीय. नळाच्या जोडाला लावतात ती.”

दीर नळजोडणीचीच कामं करायचा. ती तडक घरी आली आणि झाकण त्याच्यापुढे आपटलं. “हे काय, भाऊजी?”

“मीच भरली,” तो म्हणाला. “पेट्रोलचा वास थेट आमच्या खिडकीत येतो. हिला सोसत नाही.”

“मग तोंड नव्हतं सांगायला? ट्रकपुढे बंद पडली असती म्हणजे?”

“गाडी बंद पडेल हे मला कुठे माहीत होतं, वहिनी! आणि सांगितलं असतं, तर का सोसत नाही ते तुम्ही विचारलं असतं.”

जाऊ दाराला टेकून उभी होती. चेहरा ओढलेला, ओठ सुकलेले. परिचारिकेला सांगावं लागलं नाही.

“कितवा महिना?”

“तिसरा. मागे दोनदा सगळ्यांना आधीच सांगितलं होतं...” जाऊने पदर पोटावर ओढून घेतला.

परक्यांच्या नाड्या मोजत फिरणाऱ्या तिला घरातलं दिसलं नव्हतं. तिला लाज वाटली. राग मात्र पुरता गेला नाही. तिने गाडी ढकलत त्यांच्या खिडकीपासून दूर, फाटकापाशी नेऊन लावली आणि परत आली.

“पुढच्या तपासणीला मी येऊ सोबत?”

जाऊने नवऱ्याकडे पाहिलं. “बघू,” ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.