ओरडणाऱ्याची लिफ्ट

आत्याला रजा हवी होती, आणि रजेवर जायचं तर डोकं ऑफिसात ठेवून जायला हवं होतं. लिफ्टदुरुस्तीच्या त्या कंपनीत कुठल्या तक्रारीला आधी मेकॅनिक पाठवायचा हे तीच ठरवायची. तिची लेक दुसऱ्या शहरात होती आणि बाळंतपण पुढच्या महिन्यावर आलं होतं. कंपनीचे मालक म्हणजे आत्याचे थोरले भाऊ. ते रोज म्हणायचे, "जा की, तुला कोणी अडवलंय?" आणि चहा संपायच्या आत तिलाच हाक मारायचे.

शेवटी मालकांच्या मुलीने हे काम अंगावर घेतलं. ती भौतिकशास्त्र शिकलेली, प्रत्येक गोष्ट मोजूनमापून बघणारी, म्हणून आत्या तिला फूटपट्टी म्हणायची. तिचा बेत साधा होता. नियम सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्यायचं, आत्याचे निर्णय त्यात सोप्या वाक्यांत घालायचे. तक्रार आली की कोणाचा नंबर आधी ते सॉफ्टवेअर सांगेल.

"माझे काही नियमबियम नाहीत," आत्या म्हणाली. "माणूस फोनवर बोलायला लागला की कळतं."

"काय कळतं?"

"कुठे आधी जायचं ते."

"कशावरून?"

"अगं, तू भाची आहेस की पोलीस?"

पण फूटपट्टीने पिच्छा सोडला नाही. लिफ्टमध्ये कोणी अडकलं असेल तर बाकी सगळं बाजूला. मग दवाखाना. मग जिथे वर म्हातारं माणूस राहतं ती इमारत. पण दवाखान्यात दुसरी लिफ्ट चालू असेल तर तो थांबेल. पण तिथे त्या दिवशी ऑपरेशन असेल तर थांबणार नाही. आत्याच्या प्रत्येक नियमाला एक 'पण' होता आणि त्या 'पण'लाही पिल्लं होती. फूटपट्टीने एकही वगळला नाही.

दोन कंपन्यांची सॉफ्टवेअर शेवटपर्यंत टिकली. तिने दोन्हींना तेच नियम आणि मागच्या महिन्याच्या त्याच तक्रारी दिल्या, आणि एका दुपारी दोन्ही कंपन्यांच्या माणसांसकट सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं.

पहिलं दिसायला देखणं. बटण दाबताच सगळ्या तक्रारी हिरव्यागार होऊन ओळीत उभ्या राहिल्या.

"गुणाचं आहे हो," आत्या म्हणाली.

दुसरं सुरुवातीलाच अडलं आणि पडद्यावर प्रश्न आला: एका इमारतीत तळमजल्यावर दवाखाना आणि वर एक आजोबा. तुमचे दोन नियम दोन वेगळी उत्तरं देतात, कुठलं धरू?

"अरे, हे मलाच उलट विचारतंय!" आत्या म्हणाली. "नवीन माणूससुद्धा पहिल्या दिवशी असं विचारत नाही."

"म्हणूनच दुसऱ्या दिवशी घोळ घालतो," फूटपट्टी म्हणाली आणि पहिल्या कंपनीच्या विक्रेत्याकडे वळली. "तुमच्यात या इमारतीचं काय झालं?"

"सिस्टिमने योग्य तेच घेतलं, मॅडम."

"योग्य म्हणजे कुठलं?"

विक्रेता हसला आणि पाणी प्यायला.

तेवढ्यात मालकांनी दुसऱ्या पडद्यावर बोट ठेवलं. "ही आपली बिल्डिंग ना? इतकी तळाला कशी?"

दुसऱ्या कंपनीच्या मुलीने त्या ओळीवर क्लिक केलं. कारण उमटलं: तक्रार करणारी व्यक्ती ओरडली. अशा तक्रारी सर्वांत शेवटी.

मालक आत्याकडे वळले.

"त्या दिवशी मी सात मजले चढलो," मालक म्हणाले.

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना तुला?"

"आणि मी ओरडलो नव्हतो!" ते ओरडले.

फूटपट्टीने हसू दाबायला चष्मा पुसायला घेतला.

"पहिलंच घ्या," मालकांनी फर्मावलं. "तोंड बंद ठेवून काम करतं."

"त्यातला नियम बदलायचा झाला तर?" फूटपट्टीने विचारलं.

"आम्हाला मेल करा," विक्रेता म्हणाला. "आठवड्याभरात आमचा माणूस बदलून देईल."

"आणि तोवर, बाबा?"

"तोवर हिला फोन करू."

"म्हणजे मी तिकडे एका हातात बाळ आणि एका हातात तुझी लिफ्ट धरून बसू?" आत्याने खुर्ची पुढे ओढली आणि दुसऱ्या कंपनीच्या मुलीकडून माउस घेतला. "कुठे दाबायचं गं?" ओरडणाऱ्यांना तिने तळातून उचलून मध्ये आणलं आणि जुन्या तक्रारी पुन्हा चालवून पाहिल्या. मालकांची इमारत थोडी वर सरकली.

"एवढीच?"

"ओरडलास ना. आता ते दवाखान्याचं तू सोडव."

मालकांनी पडदा दोनदा वाचला. "तळमजल्यावरच्या दवाखान्याला लिफ्ट कशाला लागते? आजोबांचा नियम धरायचा." त्यांनी स्वतःच नियमात तसं घातलं. सॉफ्टवेअर पुढे चालू लागलं.

"बरोबर," आत्या म्हणाली. तिचा आवाज जरा बारीक झालेला फूटपट्टीच्या लक्षात आला.

"दुसरं घेऊ," मालक म्हणाले. "तू कधी निघतेस?"

"इतकी घाई? निदान माझ्यावाचून अडेल असं तरी म्हण."

"अडेल ना. रोज अडेल."

"अडू दे," आत्या म्हणाली आणि तिथूनच लेकीला फोन लावला.