एकसष्ट वेष्टणे

गुरुप्रसाद आपल्याकडे येणार, हे सुहासला चार महिन्यांपासून ठाऊक होते. कधी येणार, एवढेच ठाऊक नव्हते. डिसेंबरातल्या एका रविवारी, जेवणे नुकतीच आटोपली असताना दाराची घंटा वाजली आणि त्याच्या बायकोने, स्नेहलने, स्वयंपाकघरातूनच विचारले, "आले वाटतं तुमचे?" चार महिन्यांत तिने त्या माणसाचे नाव एकदाही घेतले नव्हते.

गुरुप्रसाद रत्नागिरीतल्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवीत असे आणि विमानांवरच्या जुन्या पुस्तकांचा संग्राहक म्हणून रविवारच्या पुरवण्यांतून लिहीत असे. सुहास माध्यमिक शाळेत गणित शिकवीत होता. या दोघांची ओळख पालीच्या भागोजीकाकांमुळे झालेली. काका मुंबईत तीस वर्षे विमानांच्या इंजिन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. शिक्षण सातवीपर्यंतचे, पण इंजिनांच्या आकृत्यांखालची अक्षरे लावता लावता त्यांना इंग्रजी येऊ लागले, आणि दर रविवारी फोर्टातल्या फुटपाथवरून ते विमानांच्या शर्यतींची जुनी पुस्तके उचलू लागले. समुद्रावरून उडणाऱ्या विमानांच्या शर्यती, उंच खांबांना वळसे घालत धावणाऱ्या विमानांच्या शर्यती, एकोणीसशे चौतीस सालची लंडन ते मेलबर्न ही लांबलचक शर्यत. त्यांना वैमानिकांचे फारसे अप्रूप नव्हते. फोटोच्या कडेला तेलकट कपड्यांत उभा असलेला मेकॅनिक शोधून त्याच्या डोक्यावर ते पेन्सिलीने बारीक टिंब देत. "हा इसम नसता तर तो रुमालवाला पायलट उडाला असता काय?" असे म्हणत.

निवृत्तीनंतर ही पुस्तके घेऊन ते गावी आले आणि कोकणातल्या दमट हवेशी त्यांची लढाई सुरू झाली. काकांचे घर वहाळाला, पावसात फुगणाऱ्या ओढ्याला, लागून होते. पहिल्याच पावसाळ्यात पुस्तकांची चकचकीत कागदी वेष्टणे घामेजून एकमेकांना चिकटली. तेव्हापासून रिवाज पडला: मृग लागायच्या आधी सगळी वेष्टणे उतरवायची, वर्तमानपत्राच्या घड्यांत सपाट घालायची आणि रत्नागिरीला सुहासच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कोरड्या फ्लॅटमध्ये पत्र्याच्या पेटीत ठेवायची. पुस्तके तेवढी कापडी बांधणीवर पालीतच पावसाळा काढीत. दिवाळीला वेष्टणे परत जात. प्रत्येक वेष्टणाच्या आतल्या कोऱ्या बाजूवर काकांनी ते पुस्तक कुठे, कधी, कसे मिळाले ते मराठीत लिहून ठेवले होते. पुस्तकात मात्र टिंबांपलीकडे काही नाही. पुस्तक खराब करू नये, असे त्यांचे मत होते.

सुहास पालीच्याच बौद्धवाडीतला. काकांच्या माजघरात मांडी घालून बसणारा वाडीतला तो पहिला माणूस, आणि त्याला तिथे ताट वाढणारी गंगाकाकी ही काकांच्या आवाठातली, त्या वस्तीतली, पहिली बाई. पुढे सुहास आणि काका मिळून पुस्तके धुंडाळू लागले. कुठल्या रद्दीवाल्याकडे काही आले की दोघे निघत. असा संग्रह एकसष्टावर पोचला.

काका श्रावणात गेले. बाराव्याला सुहास चिपळूणला शिक्षकांच्या प्रशिक्षणात अडकला होता. त्या दिवशी गुरुप्रसाद गाडी घेऊन पालीला गेला आणि काकीला म्हणाला की सुहासनेच आपल्याला पाठवले आहे. त्याच्याकडे पुस्तकांना जागा नाही, माझ्याकडे ती नीट राहतील. काकीने ती स्वतःच्या हातांनी गोणपाटात गुंडाळून दिली.

पुढच्या रविवारी सुहास गेला तेव्हा काकीने चहा दिला, समोर बसली आणि म्हणाली, "त्यांची पुस्तकं तुला एवढी जड झाली, सुहास? त्या सरांना पाठवण्याआधी मला तरी सांगायचंस."

सगळा प्रकार सुहासच्या तेव्हाच ध्यानात आला. नाही, असे म्हणायला एक क्षण पुरला असता. पण त्याच क्षणी त्याच्या मनात दुसरे काही आले आणि ते इतके गोड होते की तो गप्प राहिला. हे आपण सांगायचे नाही. ज्याने माझे नाव वापरले त्याने इथे येऊन, याच पडवीत बसून, स्वतःच्या तोंडाने सांगायचे. चहा संपवून तो उठला. त्यानंतर काकीने त्याचा फोन घेतला नाही. दिवाळीला दर वर्षी येणारा तिचा फराळाचा डबा आला नाही. सुहासने ते सारे सोसले आणि पेटी उघडली नाही. वेष्टणांवाचून ती पुस्तके जाणत्या माणसाच्या लेखी अर्धीच होती. कुणीतरी जाणता ती कधीतरी हातात घेईल, याचीच तो वाट पाहत होता.

आता गुरुप्रसाद सोफ्यावर बसला होता आणि चहाला नको म्हणत होता. त्याने फिरवून फिरवून सांगितले ते असे. पुण्यात एक न्यास विमानविद्येचे ग्रंथालय उभारत होता. त्यांना गुरुप्रसादने आपला संग्रह देऊ केला होता. वीस वर्षे फुटपाथ पालथे घालून स्वतः जमवलेला, असे पत्रात लिहूनही दिले होते. ग्रंथालयाला त्याचे नाव लागायचे होते. तिथली वेदिका नावाची ग्रंथपाल मुलगी गेल्या आठवड्यात पाहणीला आली. तिने एक पुस्तक उचलले, खिडकीपाशी नेले, पाठीचे कापड उजेडात धरले आणि म्हणाली, सर, या पुस्तकांवर अगदी आत्तापर्यंत कव्हरं असणार. कापड कुठेच विटलेलं नाही, कव्हरं कुठे आहेत? फुटपाथवरची पुस्तके उघडीच मिळतात, अशी गुरुप्रसादची समजूत. तो गडबडून म्हणाला की गावच्या घरी आहेत. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी ती पुन्हा येणार होती. मग त्याने पालीला फोन केला आणि काकीने सरळ सांगितले, ती तर दर पावसाळ्याला सुहासकडेच जातात.

"गैरसमज झाला असेल थोडा," गुरुप्रसाद म्हणाला. "पण आपण दोघंही अभ्यासक आहोत, सुहासराव. पाटीवर तुमचंही नाव घालू. खाली."

सुहासने आतून पेटी आणली आणि त्याच्यासमोर उघडली. वर्तमानपत्राची पहिली घडी बाजूला केली. निळ्या समुद्रावर तिरके झालेले लाल विमान दिसले. गुरुप्रसादचा हात आपोआप पुढे आला. तो अगदी जवळ येऊ देऊन सुहासने झाकण लावले.

"बुधवारी सकाळी दहाला पुस्तकं घेऊन पालीला या," तो म्हणाला. "काकींना सांगा, काय खोटं बोललात ते. पुण्यालाही कळवा, पुस्तकं कुणाची ते. नाव काकांचं लागेल. मग तिथेच कव्हरं चढवू."

"मी त्यांना फोनवर सांगतो. आत्ता लावतो."

"फोन नको. समोर बसून."

"सुहासराव, लोक असतील तिथे. मी शिकवणारा माणूस आहे."

"मीही शिकवतो, सर."

गुरुप्रसाद गेल्यावर स्नेहल हात पुसत बाहेर आली. काकींना हे पहिल्याच दिवशी सांगता आले असते, असे ती म्हणाली. सुहास म्हणाला, माझ्या तोंडून ऐकण्यात अर्थ नव्हता.

"अर्थ होता," ती म्हणाली. "मजा नव्हती."

बुधवारी गुरुप्रसाद आला. पुस्तकांचे खोके त्याने स्वतः पडवीत आणून ठेवले. शेजारची सोनूबाई आणि पाण्याच्या पंपाला आलेला केरू पुढच्या खळ्यात, अंगणातच, घुटमळले. सुहासने त्यांना जा म्हटले नाही. गुरुप्रसाद सांगू लागला तेव्हा त्याच्या बोलण्यात आधी 'परिस्थिती' आली, मग 'संवादाचा अभाव' आला. सुहासने दोनदा त्याला थांबवले आणि साध्या शब्दांत सांगायला लावले. शेवटी तो मान खाली घालून म्हणाला, "सुहासने मला पाठवलं नव्हतं. मी खोटं बोललो."

काकीने त्याच्याकडे पाहिलेच नाही. ती सुहासकडे पाहत होती.

"तुला ह्ये कधी कळलं?"

"तुम्ही चहा दिलात त्या दिवशी."

"म्हणजे बाराव्याच्या नंतर लगेच." तिने बोटांवर महिने मोजले. "आणि मी तुला चार म्हयने मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्या तू घालून घेतल्यास."

सुहासने पेटी पुढे ओढली. तिने उत्तराची वाट पाहिली नाही. "चढवा काय ती जाकिटं," एवढे म्हणून ती भिंतीला टेकून बसली. ती मुळातच अशिक्षित. वेष्टणांच्या आत नवऱ्याने काय लिहिले आहे ते तिने कधी वाचले नव्हते.

आणि तेव्हा सुहासला ते सुचले. त्याने पहिले वेष्टण गुरुप्रसादच्या हाती पालथे दिले. "आधी वाचा, सर. काकींना ऐकू जाईल असं."

गुरुप्रसादने वाचले. "फोर्ट, रविवार. पाऊस. भिजलंय म्हणून स्वस्त दिलं. लोकलमध्ये पोटाशी धरून आणलं." पुढचे: "गंगाला ताप. डबा नाही. दोन केळी खाल्ली आणि हे घेतलं." काकीने पदर तोंडाला लावला; हसू होते की दुसरे काही, ते कळले नाही. सोनूबाई पायरीवर येऊन बसली. दहावे, पंधरावे. वीस वर्षे फुटपाथ पालथे घातल्याचे लिहून देणारा माणूस दुसऱ्याच्या रविवारांची गणती मोठ्याने वाचत होता. "चिपळूण, स्टेशनजवळची रद्दी. पुरातलं. सुहासने पान न् पान सुटं केलं." इथे गुरुप्रसादचा आवाज खाली गेला. सुहासने ते पुन्हा वाचायला लावले.

तिसाव्यानंतर केरू निघून गेला. गुरुप्रसादच्या कपाळावर घाम होता. घडीवर घडी बसवताना त्याची बोटे चुकत होती, आणि दर चुकीला सुहास पुस्तक परत घेऊन, शाळेत चुकलेले गणित फळ्यावर सोडवून दाखवावे तसे, सावकाश वेष्टण घालून दाखवत होता.

"पुरे कर, सुहास," काकी म्हणाली. "राहिलेली तू वाचून दाखव मला. एखाद्या दिवशी. सावकाशीनं."

"अजून अठ्ठावीस आहेत, काकी."

"म्हणूनच म्हणते."

"होतील आत्ता. वाचा, सर."

गुरुप्रसादने काकीकडे पाहिले. तिने सुहासचा चेहरा थोडा वेळ निरखला, जणू आपल्या माजघरात जेवायला बसत होता तो माणूस हाच का, हे ती पडताळून पाहत होती. मग ती गुडघ्यांवर हात टेकून उठली, सोनूबाईला चल म्हणाली आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला.

पडवीत दोघेच उरले. आता ऐकायला कुणी नव्हते. आपण आत जावे, निदान आत्ता तरी तिच्या मागोमाग जावे, असे सुहासला वाटले. ते अगदी स्पष्ट वाटले. त्याने पेटीतली पुढची घडी उलगडली, आतले वेष्टण पालथे केले आणि गुरुप्रसादच्या मांडीवर ठेवले.

"मोठ्याने," तो म्हणाला.